लेखकाचे दोन हिशेब

माझ्या खाटेखाली दोन खोकी आहेत. त्यांत माझ्याच कवितासंग्रहाच्या १३७ प्रती आहेत. एकूण प्रती होत्या २००. म्हणजे ६३ गेल्या. त्यांतील किती विकल्या गेल्या आणि किती मी आग्रहाने हातात कोंबल्या, हे न सांगितलेले बरे. पुस्तक काढण्यासाठी अठरा हजार रुपये लागले, ते आईने भिशी लवकर उचलून दिले. ती खोकी घरात आली त्या दिवशी ती म्हणाली होती, "पुस्तक झालं ना, आता विकलं जाईलच की." तिचा तो विश्वास अजून शाबूत आहे. माझा मात्र पुस्तक आल्यानंतर सहा महिन्यांतच डळमळला.

ही तक्रार नव्हे. आपल्या महाविद्यालयात दरवर्षी या अंकासाठी कथा-कवितांचा ढीग येतो. त्या लिहिणाऱ्यांपैकी निदान चार-सहा जणांना मनातून लेखक व्हावयाचे असते. साहित्य म्हणजे काय, त्याचे प्रयोजन कोणते, रस किती, हे सारे आपण वर्गात शिकतो. परंतु लिहिलेला मजकूर छापला कसा जातो, त्याचे पैसे कोण कोणाला देतो, सही करतो त्या कागदात काय असते, याबद्दल अवाक्षर कोणी काढीत नाही. मी ते थोडेसे ठेच लागून आणि थोडेसे विचारून शिकले. ते येथे मांडते.

लेखणीवर कोण जगले?

घरची माणसे पहिला प्रश्न विचारतात तो हा, की लिहून पोट भरेल काय? प्रश्न रोखठोक आहे आणि त्याचे उत्तरही रोखठोक द्यावे. मराठीत केवळ पुस्तकांच्या उत्पन्नावर जगलेले लेखक बोटांवर मोजण्याइतके आहेत.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली. सात वर्षांत तिचे ८४ अंक निघाले आणि जवळजवळ सर्व मजकूर त्यांनी एकट्याने लिहिला. १८७९ साली त्यांनी सरकारी शाळेतील नोकरी सोडली. पण सोडून केवळ लिहीत बसले नाहीत. न्यू इंग्लिश स्कूलच्या स्थापनेत ते होते, छापखाना आणि पुस्तकविक्री यांच्याही उद्योगात ते होते. हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः छापल्या. पण आनंदाश्रम या संस्थेचे व्यवस्थापनही ते पाहत. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते, शिवाय त्यांनी चित्रपटकथाही लिहिल्या. ना. सी. फडके तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक, व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीच्या पुणे केंद्रात. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपाई म्हणून काम केले, नंतर शिक्षक झाले. आणि त्याच आयुष्यातून 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) व 'माझे विद्यापीठ' (१९६६) हे संग्रह आले. विजय तेंडुलकर वृत्तपत्रांत होते, आणि 'निशांत', 'मंथन' यांसारख्या चित्रपटांच्या पटकथा त्यांच्या नावावर आहेत.

अपवाद आहेत. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. म्हणजे लेखणीवर जगावयाचे तर त्या वेगाने लिहावे लागते, हेही त्या उदाहरणावरून दिसते. नाटककाराची गोष्ट थोडी निराळी. त्याला प्रत्येक प्रयोगामागे मानधन मिळण्याची पद्धत आहे. नाटक चालले तर उत्पन्न चालते, पडले तर तेही पडते.

यावरून निराश होण्याचे कारण नाही. नोकरी ही लेखनाची सवत आहे असे आपण समजतो. वस्तुतः वरील नावे पाहिली तर पुष्कळांच्या बाबतीत नोकरीने लेखकाला दोन गोष्टी दिल्या : एक, विकले जाणारेच लिहिले पाहिजे या सक्तीपासून सुटका, आणि दुसरी, माणसे. शिरोड्याची शाळा नसती किंवा गिरणी नसती तर लिहावयाचे कशावर?

पहिला खर्डा आणि दुसरा

आता कारागिरीकडे वळू. प्रतिभा उपजत असते की नाही, हा वाद आपण परीक्षेपुरता ठेवू. फडके यांनी १९३१ सालीच 'प्रतिभासाधन' हे पुस्तक लिहून कथा-कादंबरीचे तंत्र शिकता येते, अशी भूमिका घेतली. तिच्यावर पुष्कळ टीका झाली. तंत्राने कथा जिवंत होत नाही हे खरे. पण तंत्र अजिबात नसल्याने ती जिवंत होते, असे थोडेच आहे?

माझ्या अनुभवाने सांगते, लेखनाचे खरे काम दुसऱ्या खर्ड्यापासून सुरू होते. पहिला खर्डा हा लेखकाने स्वतःला सांगितलेली हकीकत असते. त्यात काय घडले ते आपल्याला ठाऊक असते, म्हणून कागदावर न आलेलेही आपल्याला दिसते. वाचकाला ते दिसत नाही. म्हणून खर्डा महिनाभर बाजूला ठेवावा आणि मग परक्याचा म्हणून मोठ्याने वाचावा. जेथे जीभ अडखळते तेथे बहुधा वाक्य चुकलेले असते. जेथे आपणच घाईने पुढे जातो तेथे मजकूर कंटाळवाणा असतो. आणि जे वाक्य वाचताना आपल्याला फार अभिमान वाटतो ते पुष्कळदा काढून टाकण्याच्या लायकीचे असते.

शुद्धलेखनाचीही गोष्ट येथेच सांगते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली चारांची भर, असे अठरा नियम आहेत. एका सुटीत ते पाठ होतात. संपादक ऱ्हस्व-दीर्घासाठी कथा नाकारीत नाही, हे मान्य. पण पहिल्या पानावर दहा चुका दिसल्या की लेखकाने आपलाच मजकूर पुन्हा वाचलेला नाही, हे त्याला कळते. मग त्याने तरी तो का वाचावा? बोलीभाषेतील संवादांना अर्थात हे नियम लावू नयेत. तेथे कानाला ऐकू आले तसे लिहावे, मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकसारखे.

संपादक नावाचा पहिला वाचक

बहिणाबाई चौधरींच्या ओव्या व गाणी घरात, शेतात म्हटली गेली आणि मुलाने, सोपानदेवांनी, ती टिपून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या. सोपानदेवांकडची वही आचार्य अत्र्यांच्या पाहण्यात आली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. हे सोने आहे, असे म्हणणारा एक परका माणूस मध्ये यावा लागला. संपादकाचे काम म्हणतात ते हेच. सोने ओळखावयाचे, आणि जे सोने नाही त्याला तसे स्पष्ट सांगावयाचे.

मराठीत या कामाचा सर्वांत मोठा दबदबा 'सत्यकथा' मासिकाचा होता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक कथा परत पाठवीत, कोठे काय खटकते ते पत्राने कळवीत, पुन्हा लिहून मागवीत. पुष्कळ लेखक या पत्रव्यवहारातून घडले. याला दुसरी बाजूही आहे. कोणते लेखन चांगले, हे ठरविणारी नजर एका वर्गाची, एका अभिरुचीची होते आणि तिच्या बाहेरचे जग दाराबाहेर राहते, असा आक्षेप तरुण लेखकांनी घेतला. १९६९ साली राजा ढाले यांनी व त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'चा अंक जाहीरपणे जाळला. त्याच सुमारास लघुनियतकालिके निघत होती. तेव्हाच्या औरंगाबादहून गंगाधर पानतावणे 'अस्मितादर्श' चालवीत होते आणि दलित लेखकांना त्यांचे स्वतःचे संपादक मिळू लागले होते. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडली.

या दोन्ही बाजूंतून आपण घ्यावयाचे ते एवढेच, की एका संपादकाचा नकार म्हणजे निकाल नव्हे; परंतु संपादकच नसणे हे नकारापेक्षा वाईट आहे.

दिवाळी अंकाचे दार

नव्या लेखकाला मराठीत जे दार सर्वांत मोठे उघडे असते ते दिवाळी अंकाचे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला. शंभराहून अधिक वर्षे झाली, आजही दर दिवाळीला शेकडो अंक निघतात. एवढ्या कथा, कविता, लेख एका सणाच्या निमित्ताने लागतात ही आपल्या भाषेची श्रीमंतीच म्हणावयाची.

मात्र दिवाळीला अंक हवा म्हणून दसऱ्याला कथा पाठविणारे आपल्यात पुष्कळ आहेत. अंकाची जुळवाजुळव पावसाळ्याच्या तोंडालाच सुरू होते. गणपतीपर्यंत बहुतेक पाने भरलेली असतात. तेव्हा कथा उन्हाळ्याच्या सुटीत लिहावी आणि पहिल्या पावसात पाठवावी. पाठविण्यापूर्वी त्या अंकाचे मागील दोन-तीन वर्षांचे अंक ग्रंथालयात बसून चाळावे. विनोदी अंकाला शोकांत दीर्घकथा पाठवून संपादकाला दोष देऊ नये. एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी देऊ नये. नामांकित अंक मानधन देतात. लहान अंक पुष्कळदा फक्त अंकाची प्रत देतात. मानधन किती, असे विचारण्यात कमीपणा नाही. आपण संकोचाने विचारीत नाही आणि मग वर्षभर कुढत बसतो.

पुस्तकाचे गणित

आता पुस्तकाकडे. समजा, १६० पानांचे पुस्तक आहे. छापखान्यात पाने फॉर्मने मोजतात, एका फॉर्मची पाने सोळा. म्हणजे हे पुस्तक दहा फॉर्मचे झाले. किंमत २०० रुपये ठेवली, आवृत्ती ५०० प्रतींची काढली. विक्रेत्याला ३५ टक्के सूट दिली तर प्रतीमागे ७० रुपये त्याच्याकडे गेले. लेखकाला छापील किमतीवर दहा टक्के स्वामित्वधन, ज्याला आपण सरळ रॉयल्टी म्हणतो, ते धरले तर २० रुपये त्याला. उरले ११०. त्यांत प्रकाशकाने कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, गोदाम आणि वाहतूक भागवावयाची. शिवाय न खपलेल्या प्रतींचा तोटा त्याचाच.

लेखकाच्या वाट्याला पूर्ण आवृत्ती खपल्यावर २० गुणिले ५००, म्हणजे दहा हजार रुपये आले. आवृत्ती संपावयास दोन वर्षे लागली तर महिन्याला चारशे सोळा रुपये पडले. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. कोठे टक्केवारी जास्त असेल, कोठे किंमत. परंतु गणिताची जात हीच राहते. ज्याने हे एकदा कागदावर मांडून पाहिले तो प्रकाशकाला लुटारूही समजणार नाही आणि दाताही समजणार नाही.

कराराचा कागद

मी जेथे सर्वांत अधिक ठेचाळले ती जागा ही. माझ्याकडून एका अर्ध्या पानावर सही घेण्यात आली. त्यावर 'या पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील' एवढे एकच महत्त्वाचे वाक्य होते. मला वाटले, पुस्तकाच्या चौथ्या पानावर असते तसलेच काही हे असेल.

आपल्या देशातील कॉपीराइटचा कायदा १९५७ चा असून त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. प्रत्येक नव्या लेखकाला ठाऊक असावीत अशी त्यातील कलमे थोडीच आहेत. पहिली गोष्ट, लिहिलेल्या मजकुराचा हक्क लिहिताक्षणीच लेखकाचा होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. दुसरी, हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. पूर्वी ही मुदत पन्नास होती, १९९२ च्या दुरुस्तीने ती साठ झाली. तिसरी, हक्क शब्दांना मिळतो, कल्पनेला नाही. 'माझी कल्पना चोरली' ही ओरड कायदा ऐकत नाही. चौथी, हक्क दुसऱ्याला द्यावयाचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्या कागदात कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे स्पष्ट असावयास हवे.

आणि पाचवी गोष्ट, जी कळल्यावर मी त्या रात्री निश्चिंत झोपले : मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच समजला जातो. माझ्या अर्ध्या पानावर मुदत नव्हती. सही द्वितीय वर्षाला असताना केली, त्याला येत्या जुलैत तीन वर्षे होतील. म्हणजे आणखी दोन वर्षांनी माझ्या कविता माझ्या होतील. तोपर्यंत त्यांतील एखादी कोणाला छापावयास देण्यापूर्वी मला दुसऱ्याची लेखी परवानगी काढावी लागेल.

म्हणून सही करण्यापूर्वी कागद घरी आणावा, दोन दिवस ठेवावा आणि एखाद्या जाणत्या माणसाला दाखवावा. हक्क फक्त छापील आवृत्तीचा द्यावा. अनुवाद, नाट्यरूपांतर, चित्रपट, ध्वनिपुस्तक, ई-पुस्तक यांचा उल्लेख वेगवेगळा करावा. आवृत्ती किती प्रतींची, हिशेब वर्षातून कधी मिळणार, लेखकाला विनामूल्य प्रती किती, पुस्तक संपूनही पुन्हा छापले नाही तर हक्क परत केव्हा येणार, हे सारे लिहून घ्यावे. यात अविश्वास नाही. दोन भाऊ शेत वाटून घेतात तेव्हाही बांध घालतातच.

पैसे कोणी कोणाला द्यावयाचे?

सर्वांत सोपा नियम शेवटी सांगते. प्रकाशनाच्या धंद्यात पैसे प्रकाशकाकडून लेखकाकडे येतात. ते उलट दिशेने जाऊ लागले की समजावे, आपण आता लेखक नसून गिऱ्हाईक आहोत. गिऱ्हाईक होण्यातही गैर काही नाही, फक्त ते जाणूनबुजून व्हावे. स्वतःचे पुस्तक स्वतः छापणे ही जुनी आणि सन्मानाची वाट आहे. तसे करावयाचे तर सरळ छापखान्यात जावे, कागदाचा व फॉर्मचा दर विचारावा आणि हक्क स्वतःकडे ठेवावे. माझे पुस्तक ८० पानांचे, म्हणजे पाच फॉर्मचे. पुढे आमच्या गावातील छापखान्याच्या मालकांनी मला तेवढ्याच प्रतींचा हिशेब मांडून दाखविला; तो मी दिलेल्या रकमेच्या निम्म्याच्या आत होता.

दुसऱ्याही वाटा आहेत. 'ग्रंथाली'ने १९७० च्या दशकात वाचकांनाच सभासद करून घेऊन स्वस्तात पुस्तके देण्याची चळवळ उभी केली, आणि दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली तिच्यातूनच आले. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदानाची योजना आहे. तेथे हस्तलिखित तज्ज्ञांकडून वाचले जाते, आणि माझ्या दृष्टीने अनुदानापेक्षा ते वाचले जाणे अधिक मोलाचे आहे.

हे मी का म्हणते? परवा मी खाटेखालचे एक खोके ओढून आपलेच पुस्तक पुन्हा वाचले. त्यात ५२ कविता आहेत. हातात पेन्सिल घेऊन प्रामाणिकपणे खुणा केल्या, तर ठेवण्याजोग्या अकरा निघाल्या. उरलेल्या एक्केचाळीस वाईटच आहेत असे नाही. त्या पहिल्या खर्ड्यावर थांबलेल्या आहेत. ज्याने माझ्याकडून अठरा हजार घेतले त्याला हे सांगण्याचे काही कारण नव्हते. कविता कमी झाल्या असत्या तर पाने कमी झाली असती, आणि पाने कमी झाली असती तर पैसे. त्याने माझी एकही ओळ बदलली नाही याचा तेव्हा मला केवढा आनंद झाला होता!

आरंभी मी दोन खोकी म्हटले, तसे लेखकाचे हिशेबही दोन असतात. एक पैशांचा आणि एक शब्दांचा. पहिल्यात चुकले तर भिशीचे हप्ते भरून भरपाई होते. शिकवण्या घेऊन मी ते भरीत आहे. दुसऱ्यात कोणी चूक दाखविलीच नाही, तर ती छापून घरी येते आणि तेथेच राहते. म्हणून मित्रहो, लिहा, जरूर लिहा. पण 'नाही' म्हणण्याची ज्याला मोकळीक आहे अशा माणसाला आधी दाखवा.

आई अजूनही पाहुण्यांना एक प्रत काढून देते. परवा तिने विचारले, "दुसरं पुस्तक कधी?" मी म्हटले, "आई, आधी पहिलंच नीट लिहिते."